लिंकनचा देव आणि व्हर्ननचे व्याही

लिंकन देव मानत होता की नव्हता, या प्रश्नाचा आपण येत्या बारा फेब्रुवारीला कायमचा निकाल लावणार आहोत, असं व्हर्नन डाल्कीनं केस कापून घेता घेता जाहीर केलं. शंभर वर्षं भल्याभल्यांना जे जमलं नाही ते त्याला वीस मिनिटांत जमणार होतं! न्हाव्याच्या दुकानात तेव्हा तीन-चार माणसं होती, त्यामुळं संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या कॉब्ज ग्रोव्ह गावाला कळली. आमच्या इलिनॉयमध्ये लिंकन म्हणजे घरातला थोरला काका. त्याच्याबद्दल बाहेरच्यानं बोललेलं खपत नाही आणि घरातल्यांचं आपसात एकमत होत नाही.

दरवर्षी लिंकनच्या वाढदिवशी आमच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या तळघरात पॅनकेकचं जेवण असतं. पॅनकेक पुरुष भाजतात, बायका त्यांना नावं ठेवतात, आणि खाणं उरकत आलं की लिंकनवर वादविवाद होतो. दोन वक्ते बोलतात, आणि मग ज्याची बाजू पटली त्याच्या बरणीत प्रत्येकानं मक्याचा एक दाणा टाकायचा. लिंकनच्या धर्माचा विषय मात्र सहसा कुणी काढत नसे. मागं एकदा काढला होता तेव्हा दोन सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, ते एकाला पुरेपर्यंत. पण या वर्षी समितीवर व्हर्नन होता. त्यानं विषय तर काढलाच, वर अवघड बाजू आपल्याकडं घेतली. लिंकन श्रद्धाळू नव्हता हे तो सिद्ध करणार होता. स्वतः व्हर्नन चर्चच्या गायकवृंदात खर्जात गाणारा पापभीरू माणूस. पण सोपी बाजू कुणीही मांडील, असं त्याचं म्हणणं पडलं.

व्हर्ननचा सारा जन्म गारपिटीचा विमा विकण्यात गेला होता. जीभ अशी तयार झाली होती की निरभ्र आकाशाखाली उभं राहून तो समोरच्याला छत्री उघडायला लावी. पिओरियाहून इथं येऊन त्याला वीसेक वर्षं झाली होती, म्हणजे गावाच्या हिशेबात तो नवाच होता. हे त्याला फार लागे. आणि आता तर जूनमध्ये त्याच्या जनेलचं लग्न ट्वीडींच्या डीनशी ठरलं होतं. ट्वीडी म्हणजे गावातलं जुनं घराणं, रस्त्याला नाव असलेलं. त्या घराण्यासमोर आपण कुणीतरी आहोत हे एकदा दिसावं, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती.

डीनचे वडील हार्लन ट्वीडी जनावरांचे डॉक्टर होते आणि त्यांचं बोलणंही बहुतेक जनावरांशीच चाले. साखरपुड्याच्या दिवशी व्हर्ननचा हात हातात घेऊन ते “बरं झालं” एवढंच म्हणाले होते. व्हर्नननं त्या दोन शब्दांवर महिनाभर विचार केला होता. असल्या व्याह्यावर छाप पाडायची तर व्यासपीठच हवं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

महिनाभर घरात लिंकनशिवाय दुसरा विषय नव्हता. व्हर्नन न्हाणीघरात भाषण म्हणे, गॅरेजमध्ये म्हणे, आणि ताटावर बसला की काट्यानं हातवारे करी. त्याची बायको मार्लिस बटाटे सोलत सगळं ऐकून घ्यायची. लिंकन कुठल्याच चर्चचा सभासद झाला नाही, बायको झाली पण तो झाला नाही, चर्चमधलं बसायचं बाक मात्र भाड्यानं घेतलेलं होतं, हे सगळे मुद्दे तिला पाठ झाले.

“चांगलं आहे,” ती शेवटी म्हणाली. “फक्त लिंकनपुरतंच बोल. फाटे फोडू नकोस.”

इथंच व्हर्ननला वाटलं की भाषण कोरडं होतंय. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं चर्चचं बाक कुणाच्या काळजाला भिडणार? विमा विकताना तो कधी आकडे सांगत नसे, शेजारच्याचं झोपलेलं पीक दाखवी. इथंही तसंच काहीतरी जिवंत हवं होतं. ते त्याला आदल्या दिवशी दाढी करताना सुचलं आणि आनंदाच्या भरात त्यानं हनुवटी कापून घेतली. मार्लिसला मात्र त्यानं ते सांगितलं नाही. तिला ऐनवेळी थक्क करायचं होतं.

बारा तारखेला तळघर गच्च भरलं होतं. मागच्या भिंतीशी तव्यामागं एप्रन बांधून डॉक्टर ट्वीडी पॅनकेक भाजत होते, कारण तिथं कुणाशी बोलावं लागत नाही. त्यांच्या पत्नी रोझेला टेबलाटेबलांवरून पाकाचा जग फिरवत होत्या. जनेल आणि डीन पुढच्याच टेबलाशी बसली होती.

आधी मिस क्रॅडॉक बोलल्या. निम्म्या गावाला त्यांनी शाळेत लॅटिन शिकवलं होतं, त्यामुळं त्या उभ्या राहिल्या की पन्नाशीचे बाप्येसुद्धा पाठ ताठ करून बसत. त्या म्हणाल्या की लिंकनची थोर भाषणं काढून बघा, बायबल त्यांत मुरलेलं आहे. चर्चचा सभासद नाही हे त्यानं स्वतःच छापून कबूल केलं होतं, पण पवित्र शास्त्र आपण कधी नाकारलेलं नाही हेही त्याच कागदावर लिहिलं होतं. माणसाच्या मनातलं माणसाला आणि देवालाच ठाऊक, असं म्हणून त्या बसल्या. टाळ्या पडल्या. व्हर्नननंही उदार मनानं वाजवल्या.

मग तो उठला. सुरुवातीचे मुद्दे त्यानं नीट मांडले, पण लोकांचं लक्ष सॉसेजवर होतं. तेव्हा त्यानं हातातले कागद खाली ठेवले, टेबलाला वळसा घालून पुढं आला आणि आवाज खाली आणला.

“लिंकनला राहू द्या. असं धरा की असा एक माणूस आज आपल्याच गावात आहे. दर रविवारी चर्चला येतो. कुणाबरोबर? बायकोबरोबर. बसतो कुठं? शेवटच्या बाकावर, दाराकडच्या टोकाला. टोपी गुडघ्यावर. शेवटचं स्तोत्र संपायच्या आत गाडीची किल्ली हातात.”

एका कोपऱ्यात कुणीतरी हसलं आणि हसता हसता थांबलं. व्हर्ननला हुरूप आला. आता हा माणूस त्यानं मनानं रचला होता, असं तो शपथेवर सांगू शकला असता. पण गायकवृंद चर्चमध्ये लोकांकडं तोंड करून बसतो, आणि वीस वर्षं दर रविवारी त्याच्या डोळ्यासमोर जे होतं तेच त्याच्या तोंडून बाहेर पडत होतं. तेवढं त्याच्या ध्यानात आलं नाही.

“प्रभुभोजनाच्या भाकरीचं तबक आलं,” तो पुढं म्हणाला, “की जेवताना मिठाची बाटली सरकवावी तसं हा बायकोकडं सरकवतो. स्वतः शिवत नाही. आणि सभासद व्हा म्हटलं, की नाही. वर्षानुवर्षं नाही. अशाला काय म्हणायचं? मी विम्यातला माणूस. मी म्हणेन, हप्ता न भरता बायकोच्या पॉलिसीवर स्वर्गात जायला निघालेलं हे गिऱ्हाईक आहे.”

या वाक्याला हशा येणार हे त्यानं गृहीत धरलं होतं आणि त्यासाठी थांबण्याचीही तालीम केली होती. तो थांबला. तळघरात काटा वाजला नाही. सगळ्या माना खाली गेल्या होत्या. असं चिडीचूप सभागृह व्हर्नननं आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि त्याचा ऊर भरून आला. तेवढ्यात जळका वास आला. तव्यावरचा पॅनकेक काळा पडून धूर निघत होता आणि डॉक्टर ट्वीडी हातात उलथनं धरून नुसते उभे होते. व्याहीसुद्धा ऐकता ऐकता भान विसरले! व्हर्नननं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि शेवटचा घाव घातला.

“कुणी म्हणेल, लिंकनचा लहानगा मुलगा गेला आणि त्यानंतर तो चर्चला येऊ लागला, त्याचं काय? अहो, पोटचं मूल गेल्यावर कोण येत नाही? ती श्रद्धा नव्हे. तो शोक. शोकाला श्रद्धा म्हणायचं म्हणजे पावसातून आत आलेल्या माणसाला पाहुणा म्हणायचं.”

रोझेला ट्वीडींनी पाकाचा जग उचलला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. जग काठोकाठ भरलेला होता, पण व्हर्ननला ते दिसलं नाही.

मिस क्रॅडॉकना उत्तरासाठी पाच मिनिटं होती. त्या उठल्या, चष्म्यातून त्यांनी व्हर्ननकडं असं पाहिलं की त्याला आपलं एखादं क्रियापद चुकलं की काय असं वाटलं, आणि मला काही बोलायचं नाही म्हणून त्या पुन्हा बसल्या. विरोधकाची वाचाच बसली, असं व्हर्नननं धरलं. मग मतदान झालं. लोक रांगेनं आले, त्याच्याकडं न बघता मिस क्रॅडॉक यांच्या बरणीत दाणे टाकून गेले. व्हर्ननच्या बरणीचा तळ स्वच्छ दिसत होता. मार्लिस आली, तिनंही मिस क्रॅडॉकच्याच बरणीत टाकला. सत्य पचवायला गाव अजून तयार नाही, असं म्हणत व्हर्नननं कोट चढवला. जनेल त्याला भेटायला थांबलीच नव्हती.

गाडीत तो हेच समजावून सांगत होता. मार्लिस काचेतून बाहेर बघत होती. धान्याच्या कोठारांवरून गाडी वळली तेव्हा ती म्हणाली, “तिचं नाव ॲनेट होतं.”

“कुणाचं?”

“ट्वीडींच्या मुलीचं. डीनच्या आधीची. शाळेतही जायला लागली नव्हती. न्यूमोनिया झाला.”

व्हर्ननचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली आणि मार्लिस सांगत राहिली. त्याआधी हार्लन कधी चर्चची पायरी चढले नव्हते. मुलीला पुरल्यावर रोझेलाला त्या दारातून एकटीला आत जाववेना, म्हणून ते तिच्याबरोबर जाऊ लागले, ते आजतागायत. सभासद ते कधीच झाले नाहीत. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. मार्लिसला रजया शिवणाऱ्या बायकांत बसून कळलं होतं.

“मला कुणी का नाही सांगितलं?” व्हर्नननं कसंबसं विचारलं.

“सांगायचं काय त्यात? तू तर त्यांच्या समोर बसतोस. मला वाटलं, तुला दिसतं.”

व्हर्ननला लाज वाटली. चारचौघांत पाय घसरला म्हणजे वाटते तशी नव्हे. ती थोड्या वेळानं जाते. ही जाणारी नव्हती. टोपी, किल्ली, मिठाची बाटली, पॉलिसी. एकेक वाक्य त्याला ओळीनं आठवू लागलं. भाषण इतकं घोटून पाठ केलं होतं की आता विसरता येत नव्हतं. आणि तो शेवटचा पाऊस आणि पाहुणा! तो तर त्याला इतका आवडला होता की न्हाणीघरात त्यानं तो दोनदा म्हटला होता. जळत्या पॅनकेकपुढं उभा असलेला माणूस त्याच्या डोळ्यासमोरून हलेना. त्या माणसाच्या दुःखावर आपण हशा मागत होतो, या विचारानं त्याला रस्त्यावरच उतरून कुठंतरी चालत निघून जावंसं वाटलं.

घरी पोचतात तोच फोन वाजला. जनेल होती. ती रडत नव्हती, आणि तेच वाईट होतं. डीन तिला तिच्या भाड्याच्या खोलीवर सोडेपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. लग्नाचं काय, असं व्हर्नननं चाचरत विचारलं.

“ते मला नका विचारू, बाबा,” ती म्हणाली. “जूनमध्ये चर्चमधल्या पहिल्या बाकावर एका बाजूला तुम्ही असाल आणि दुसऱ्या बाजूला ते दोघं. ते येणार असतील तर.” आणि तिनं फोन ठेवला.

सकाळी व्हर्नन चांगला कोट घालून ट्वीडींच्या दारात उभा राहिला. दार रोझेलांनी उघडलं. श्रॉडरच्या गोठ्यात गाय अडली आहे, हार्लन तिकडं गेलेत, असं त्यांनी सांगितलं. आवाज अगदी नेहमीचा होता. व्हर्नननं टोपी काढून हातात घेतली आणि तोंड उघडलं, पण जन्मात पहिल्यांदाच त्यातून काही निघेना. शेवटी रोझेलाच त्याच्या मदतीला आल्या.

“तुम्ही बोललात छान,” त्या म्हणाल्या. “सगळं अगदी दिसत होतं.”

मग त्यांनी दार हळूच लावून घेतलं. त्यांनी कॉफी विचारली नव्हती. कॉब्ज ग्रोव्हमध्ये झाडू विकायला आलेल्यालाही कॉफी विचारतात. पायऱ्या उतरताना व्हर्ननला वाटलं, त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

श्रॉडरच्या गोठ्यात डॉक्टर ट्वीडी कमरेपर्यंत उघडे, खांद्यापर्यंत हात गायीच्या पोटात घालून उभे होते. श्रॉडर गरम पाणी आणायला घरात गेला होता. व्हर्ननला बघून डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

“शेपूट धरा,” ते म्हणाले.

व्हर्नननं शेपूट धरलं. काहीतरी काम मिळालं याचं त्याला इतकं बरं वाटलं की तो लगेच बोलू लागला. काल जे झालं त्याबद्दल आपल्याला तीन गोष्टी सांगायच्या आहेत, असं त्याच्या तोंडून निघून गेलं. विम्याची सवय, दुसरं काय! पहिल्या गोष्टीत तो स्वतःला गाढव म्हणाला. दुसऱ्या गोष्टीत गाढव का म्हणाला ते समजावून सांगू लागला, आणि त्या नादात मिठाच्या बाटलीची उपमा मुळात कशी सुचली याकडं वळला. त्याच वेळी गायीनं आपलं मत दिलं. ते सगळं त्याच्या चांगल्या कोटावर आलं. तिसरी गोष्ट काय होती हे त्याला नंतर कधीच आठवलं नाही.

“आता ओढा,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं. दोघांनी मिळून ओढलं. पाय आले, नाक आलं, आणि अचानक सगळं वासरूच व्हर्ननच्या बुटांवर येऊन पडलं. डॉक्टरांनी गवताच्या मुठीनं त्याला खसाखसा चोळलं. वासरू शिंकलं, गाय वळली आणि त्याला चाटू लागली. डॉक्टर तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. साखरपुड्यातल्यापेक्षा ते बरंच लांबलचक होतं.

श्रॉडरनं पाणी आणून दिलं, वासरू पाहून मान हलवली आणि बायकोला सांगायला तो परत गेला. डॉक्टर बादलीत हात धुऊ लागले. धुणं बराच वेळ चाललं.

“तुम्ही म्हणालात त्यातलं बहुतेक खरंच होतं,” ते बादलीकडं बघत म्हणाले. “मुलीचं तेवढं नको होतं. माझ्यासाठी म्हणत नाही. रोझेलाला रात्रभर झोप लागली नाही.”

मला ठाऊक नव्हतं, हे व्हर्ननच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं. “मला ठाऊक असायला हवं होतं,” तो म्हणाला. “मी समोर बसतो. माझं चुकलं, डॉक्टर. आज दुपारी येऊन मी रोझेलांनाही हे सांगणार आहे. एवढंच सांगेन आणि जाईन.” मग तो खाली वाकून गवतानं बूट पुसू लागला. बहुधा त्यामुळंच डॉक्टरांना बोलायला सवड मिळाली.

“देव मानतो की नाही हे मी स्वतःला कधी विचारलं नाही,” ते म्हणाले. “रविवारी ती कोट चढवते, मी किल्ली घेतो. मध्ये दोन-तीनदा वाटलं होतं की सभासद व्हावं. तिला बरं वाटेल.”

“मग?”

“सगळ्यांसमोर पुढं जाऊन उभं राहावं लागतं. पास्टर प्रश्न विचारतो. मोठ्यानं उत्तरं द्यायची असतात.” त्यांनी टॉवेल उचलला. “मला नाही जमत ते. पाय कापतात. घशाला कोरड पडते.”

व्हर्नन त्यांच्याकडं बघतच राहिला. महिनाभर तो लिंकनच्या आत्म्याचा तळ शोधत होता, आणि हा माणूस चारचौघांत उभं राहायला घाबरत होता. त्याला हसू आलं नाही. उलट कालच्यापेक्षा जास्तच लाज वाटली.

“आता जूनमध्येही तेच,” डॉक्टर शर्ट घालत म्हणाले. “लग्नाच्या आदल्या संध्याकाळचं जेवण आमच्याकडं. मुलाच्या बापानं ग्लास हातात घेऊन दोन शब्द बोलायचे असतात. नाताळापासून मला त्याचीच धास्ती आहे.”

म्हणजे लग्न होणार होतं! व्हर्ननच्या छातीवरचा दगड उतरला. असा उमदा, मोठ्या मनाचा माणूस! याच्यासाठी आपण काय करावं आणि काय नको असं त्याला होऊन गेलं. आणि करण्यासारखी गोष्ट तर समोरच होती. त्यानं शेणानं माखलेला हात छातीवर ठेवला.

“डॉक्टर, त्याची काळजी आजपासून सोडा,” तो भरल्या आवाजात म्हणाला. “त्या दिवशी तुमच्या वतीनं मी बोलतो.”

डॉक्टर ट्वीडींचा हात बटणावर थांबला. त्यांनी व्हर्ननकडं पाहिलं. मग त्यांनी उरलेली बटणं लावली, टोपी घातली आणि बॅग उचलली.

“नको,” ते म्हणाले. “त्यापेक्षा मी या रविवारी सभासद होतो.”